वंगण-समावेशके आणि जुनी एंजिने

अंतर्ज्वलन-एंजिनातील वंगण तेलाचे मूळचे गुण वाढविण्यासाठी किंवा त्यात नसलेले गुण आणण्यासाठी अल्प प्रमाणात जी रासायनिक द्रव्ये त्यात मिसळतात, त्यांना वंगण-समावेशके असे म्हणतात. या द्रव्यांचे दोन वर्ग पडतात. तेल तयार करणारा कारखाना जी द्रव्ये तेलात मिसळूनच ते विकतो, त्यांचा पहिला वर्ग होय. वाहनमालक वेगळी बाटली विकत आणून जे द्रव्य एंजिनात ओततो, त्याचा दुसरा वर्ग होय. पहिल्या वर्गातील द्रव्यांवाचून आजचे कोणतेही एंजिन फार काळ टिकणार नाही. दुसऱ्या वर्गातील द्रव्यांविषयी मात्र गेली ऐंशीहून अधिक वर्षे वाद चालू आहे. लाखो किलोमीटर धावलेल्या, तेल ‘खाणाऱ्या’ व निळसर धूर सोडणाऱ्या जुन्या मोटारगाडीला अशा बाटलीचा खरोखर उपयोग होतो काय, हा त्या वादातील मुख्य प्रश्न आहे. मुंबईचा टॅक्सीचालक, मराठवाड्यातील प्रवासी जीपचा मालक आणि ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला यांच्या दृष्टीने हा प्रश्न उपजीविकेचा असतो, कारण एंजिनाच्या पुनर्बांधणीचा खर्च व त्यासाठी बुडणारे दिवस यांऐवजी स्वस्तातील एखादा उपाय त्यांना हवा असतो.

पूर्वपीठिका : वंगणात काहीतरी मिसळून ते अधिक गुणकारी करण्याची कल्पना मोटारीपेक्षा पुष्कळच जुनी आहे. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेल तेल लावण्याची चाल होती व वंगण हा शब्द सर्वसामान्यांच्या बोलण्यात त्या आसावरूनच रुळला. यूरोपात चरबी व वनस्पतिज तेले वापरीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेलापासून मिळणारी वंगणे प्रचारात आली. ती स्वस्त होती व वनस्पतिज तेलांप्रमाणे लवकर खवट होत नसत, परंतु धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहण्याच्या बाबतीत ती एरंडेलापेक्षा उणी ठरत. म्हणून इंग्लंडमधील वेकफील्ड कंपनीने खनिज तेलात एरंडेल मिसळून तयार केलेले तेल १९०९ मध्ये ‘कॅस्ट्रॉल’ या नावाने विकण्यास काढले. एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच हे नाव पडले. एका अर्थी हे समावेशकयुक्त तेलच होते.

वंगणक्रियेचे शास्त्रीय स्वरूप याच सुमारास स्पष्ट झाले. बोशांप टॉवर यांनी १८८३ मध्ये आगगाडीच्या आसांच्या धारव्यांवर प्रयोग केले, तेव्हा फिरता आस व धारवा यांमध्ये तेलाचा दाब इतका वाढतो की, धारवा तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगतो, असे त्यांना आढळले. ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये या आविष्काराची गणिती उपपत्ती मांडली. या तत्त्वाप्रमाणे धातूचे दोन भाग एकमेकांस स्पर्श न करता तेलाच्या पटलाने अलग राहतात आणि असे पटल टिकणे हे तेलाची श्यानता (दाटपणा), भागांची गती, त्यांवरील भार व त्यांमधील फट यांवर अवलंबून असते. यांपैकी फट हा घटक जुन्या एंजिनाच्या बाबतीत निर्णायक ठरतो. एंजिन सुरू होताना, बंद होताना व कॅमसारख्या जोराने घासणाऱ्या भागांत मात्र हे पटल तुटते आणि तेथे धातूवर धरून राहणाऱ्या रासायनिक थराची गरज पडते.

समावेशकांचा उदय : अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने (एस. ए. ई.) १९११ मध्ये तेलांचे श्यानतेनुसार वर्गीकरण केले. त्या काळातील तेल म्हणजे केवळ परिष्कृत खनिज तेल असे. ते थंडीत गोठे, उष्णतेने पातळ होई, हवेतील ऑक्सिजनाने आंबे आणि त्याचा चिकट गाळ साचे. १९३० नंतरच्या दशकात यांपैकी एकेका दोषावर उपाय निघत गेले. मेण साकळण्यास अडथळा करून थंडीतही तेल वाहते ठेवणारी द्रव्ये प्रथम आली. १९३५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात डीझेल ट्रॅक्टरांच्या दट्ट्यांवरील कड्या जळक्या तेलाच्या थराने खोबणीतच चिकटून बसतात, ही अडचण तीव्र झाली. तेलात विरघळणारे धातूंचे साबण मिसळल्यास कड्या मोकळ्या राहतात, असे दिसून आले. प्रक्षालक समावेशकांचा हा आरंभ होय. १९४० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी जस्त, फॉस्फरस व गंधक यांचे झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट हे संयुग धारव्यांतील मिश्रधातूचे क्षरण थांबविण्यासाठी वापरात आले. ते तेलाचे ऑक्सिडीकरण रोखते आणि घर्षणाच्या जागी धातूवर अतिशय पातळ, काचेसारखा फॉस्फेटी थर निर्माण करून झीजही कमी करते, हा त्याचा गुण नंतर ध्यानात आला. आजही ते वंगण-समावेशकांतील सर्वांत महत्त्वाचे संयुग आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी दोन प्रकारांची भर पडली. काजळी व गाळ यांचे कण सुटे ठेवून ते तेलातच तरंगत राहतील, तळाशी साचणार नाहीत, अशी व्यवस्था करणारी प्रकीर्णके हा एक प्रकार. तापमान वाढले तरी तेल फार पातळ होऊ न देणारी बहुवारिके हा दुसरा प्रकार होय. या बहुवारिकांमुळे थंडीत पातळ व उष्णतेत पुरेसे दाट राहणारी बहुश्रेणी तेले शक्य झाली. डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असे जे आकडे छापलेले असतात, ते या दुहेरी गुणाचे निदर्शक आहेत. यांखेरीज फेस प्रतिबंधक, गंज प्रतिबंधक आणि घर्षण नियामक अशी इतरही द्रव्ये असतात. आधुनिक मोटारीच्या तेलात सामान्यतः १० ते २५ टक्के भाग समावेशकांचा असतो.

ही द्रव्ये एकमेकांशी स्पर्धा करतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. प्रक्षालक, झीजरोधक व घर्षण नियामक ही सर्वच द्रव्ये धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा मिळविण्याचा प्रयत्न करतात. म्हणून एंजिनांवर दीर्घकाळ चाचण्या घेऊन त्यांचे प्रमाण ठरवावे लागते. तयार तेलात बाहेरचे द्रव्य ओतले की, हा तोल बदलतो. तो सुधारण्याची जितकी शक्यता असते तितकीच बिघडण्याचीही असते.

बाटलीबंद द्रव्यांचा व्यापार : तेलात वरून ओतावयाच्या द्रव्यांचा व्यापार अमेरिकेत वाढला. कॅलिफोर्नियातील विन कंपनीचे घर्षणरोधक तेल १९३९ पासून मिळू लागले. १९५३–५४ च्या सुमारास मिसूरी राज्यात ‘एस. टी. पी.’ हे दाट द्रव्य निघाले व शर्यतींच्या मोटारींवर झळकणाऱ्या त्याच्या चिठ्ठ्यांमुळे जगभर माहीत झाले. अशा दाट द्रव्यांचा मुख्य घटक म्हणजे खनिज तेलात विरघळविलेले बहुवारिक होय. १९८० नंतर टेफ्लॉनच्या वर्गातील सूक्ष्म कण असलेली ‘स्लिक ५०’ सारखी द्रव्ये पुढे आली. ग्रॅफाइट व मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांची चूर्णे त्याआधीपासून वापरात होती. काहींनी क्लोरिनयुक्त पॅराफिने वापरली. लोखंड कापताना होणाऱ्या तीव्र दाबाखाली ती उपयुक्त असली, तरी एंजिनातील उष्णता व पाण्याची वाफ यांमुळे त्यांच्यापासून हायड्रोक्लोरिक अम्ल सुटण्याचा व धारवे खराब होण्याचा धोका असतो.

या मालाच्या जाहिरातींतील दावे अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने वारंवार तपासले. तेलाचा खप कमी होतो, या एस. टी. पी. च्या दाव्यासंबंधी १९७६ मध्ये आदेश निघाला. १९७८ मध्ये कंपनीला ५ लाख डॉलर दंड भरावा लागला आणि आधीच्या चाचण्यांवर विसंबता येत नाही, अशा आशयाच्या सूचना स्वखर्चाने वृत्तपत्रांत छापाव्या लागल्या. स्लिक ५० संबंधीची तक्रार १९९६ मध्ये दाखल झाली व १९९७ मध्ये ती तडजोडीने मिटली. हे द्रव्य न वापरल्यास एंजिन सुरू होताना त्याला जवळजवळ संरक्षणच नसते, असा दावा त्यात होता. पुरावा नसल्याने तो मागे घ्यावा लागला आणि ग्राहकांना किमान १ कोटी डॉलर किमतीची भरपाई देण्याचे ठरले. त्यानंतरच्या काही वर्षांत इतरही उत्पादकांवर अशाच कारवाया झाल्या. भारतात १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा कायद्यात १९८४ मध्ये अनुचित व्यापारप्रथांविषयीची कलमे आली आणि १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाल्यावर फसव्या दाव्यांविरुद्ध दाद मागण्याची सोय सामान्य ग्राहकाला मिळाली. २०१९ च्या कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी स्वतंत्र तरतूद केली.

भारतातील तेल-उद्योग : स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे वंगणांचा व्यापार बर्मा-शेल, एस्सो, कॅल्टेक्स यांसारख्या परदेशी कंपन्यांकडे होता. एस्सो व भारत सरकार यांच्या भागीदारीतील ल्यूब इंडिया या कंपनीचा वंगण तेलाच्या परिष्करणाचा कारखाना १९६९ मध्ये मुंबईत सुरू झाला. १९७४ मध्ये एस्सो व ल्यूब इंडिया मिळून हिंदुस्थान पेट्रोलियम ही सरकारी कंपनी बनली. १९२८ मध्ये क्लीव्हलंड येथे स्थापन झालेल्या ल्यूब्रिझॉल या समावेशके बनविणाऱ्या कंपनीशी भागीदारी करून १९६६ मध्ये ल्यूब्रिझॉल इंडिया ही कंपनी निघाली. तिचा कारखाना ठाणे-बेलापूर पट्ट्यातील तुर्भे येथे आहे. इंडियन ऑइलची ‘सर्व्हो’ तेले १९७२ पासून बाजारात आली. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेमुळे एंजिनांच्या चाचण्यांची सोय महाराष्ट्रातच झाली. देशात प्रमाणित, समावेशकयुक्त तेल मिळू लागल्यावर वेगळ्या बाटलीची गरज वस्तुतः कमी झाली होती. ती बाजारात टिकून राहिली याचे कारण तेलाचा दर्जा हे नसून गाड्यांचे वय हे होते.

मुंबईच्या टॅक्सी : परवाने, आयातबंदी व वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात मोटारगाडी सहसा मोडीत काढीत नसत. ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरीत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी हे याचे ठळक उदाहरण होय. मुंबईत मोटार-टॅक्सी १९११ मध्ये आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी तयार होऊ लागली. हीच गाडी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली व तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. तिच्या चार सिलिंडरांच्या एंजिनाचे घनफळ १,०८९ घ. सेंमी. व शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती होती. त्याची बांधणी साधी असल्याने कोणत्याही गॅरेजमधील मिस्त्री ते खोलू शके. सिलिंडर घासून मोठे करणे (बोअरिंग), जाड मापाचे दट्टे व कड्या घालणे, भुजादंड घासून नवे धारवे बसविणे, ही कामे एका एंजिनावर अनेकदा होत.

एक गाडी पुष्कळदा दोन पाळ्यांत दोन चालक चालवीत. एंजिन सहसा पूर्ण थंड होत नसे. थंड एंजिन सुरू होताना होणारी झीज त्यामुळे कमी होई, पण गर्दीत ताटकळत उभे राहताना तेल तापे आणि इंधनात रॉकेलची भेसळ असल्यास ते न जळता कड्यांवरून खाली उतरून तेलास पातळ करी. अशा एंजिनातून निळा धूर येऊ लागला की, मालकापुढे तीन मार्ग असत : एंजिन उघडणे, जाड तेल घालून दिवस काढणे, किंवा दुकानदाराने दिलेली बाटली ओतणे. पहिल्या मार्गात काही दिवस गाडी उभी राहून दोन कुटुंबांचे उत्पन्न थांबे. तिसरा मार्ग अनेकांनी का पत्करला असेल, हे यावरून समजते.

धूर हा केवळ मालकाचा प्रश्न राहिला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये धुराचे प्रमाण ठरवून देण्यात आले. मुंबईतील वाहनांच्या प्रदूषणासंबंधीच्या याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींनंतर जुन्या टॅक्सी बाद करणे किंवा नैसर्गिक वायूवर चालविणे बंधनकारक होत गेले. पुढे टॅक्सीच्या वयाची मर्यादा २० वर्षे ठरली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सीचे युग संपले.

एंजिनाचे विकार व उपाय : जुने एंजिन तेल खाते, हे एकच लक्षण असले, तरी त्याची कारणे भिन्न असतात व समावेशकाचा उपयोग त्या कारणावर अवलंबून असतो. पहिले कारण म्हणजे झडपांचे मार्गदर्शक झिजणे किंवा त्यांवरील रबरी सील कडक होणे. अशा वेळी सकाळी गाडी सुरू करताच धुराचा लोट येतो व मग तो कमी होतो. दुसरे कारण म्हणजे दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर झिजणे. यात वेग वाढविताना व चढावर धूर येतो. तिसरे कारण म्हणजे कड्या झिजलेल्या नसून जळक्या थराने खोबणीत अडकलेल्या असणे. चौथे कारण म्हणजे सांध्यांतून होणारी गळती. कारण शोधण्याची एक साधी रीत आहे. प्रत्येक सिलिंडरातील संपीडनाचा दाब मोजावा, मग त्यात चमचाभर तेल घालून तो पुन्हा मोजावा. दुसऱ्या वेळी दाब बराच वाढला, तर दोष कड्यांत व सिलिंडरात असतो. वाढला नाही, तर तो बहुधा झडपांत असतो.

यांपैकी अडकलेल्या कड्यांवर प्रक्षालकांचा उपयोग होऊ शकतो. १९३५ च्या सुमारास ती याच कामासाठी निघाली, हे वर आलेच आहे. मात्र चांगल्या प्रमाणित तेलात ती असतातच. ते तेल वेळेवर, किंबहुना काही काळ नेहमीपेक्षा लवकर बदलत राहिल्यास तोच परिणाम हळूहळू व सुरक्षितपणे साधतो. कडक झालेल्या रबरी सीलांना किंचित फुगवून मऊ करणारी एस्टरवर्गीय द्रव्येही खरोखर असतात. त्यांनी थोडी गळती व सकाळचा धूर कमी होऊ शकतो. सील फाटलेले असल्यास मात्र उपयोग होत नाही.

झिजलेल्या धातूच्या बाबतीत स्थिती वेगळी आहे. सिलिंडराची वाढलेली फट कोणतेही द्रव्य भरून काढीत नाही. दाट बहुवारिक घातल्यास तेलाची श्यानता वाढते, ते कड्यांवरून कमी प्रमाणात वर जाते, धूर काही काळ कमी होतो आणि दाबमापकाचा काटाही वर चढतो. यामुळे एंजिन सुधारल्याचा भास होतो. परंतु दाब म्हणजे प्रवाह नव्हे. दाट तेल अरुंद मार्गांतून सावकाश जाते व सुरुवातीच्या क्षणी, जेव्हा त्याची सर्वांत अधिक गरज असते, तेव्हाच ते उशिरा पोहोचते. शिवाय घर्षणाच्या ताणाने बहुवारिकाचे लांब रेणू तुटतात व परिणाम ओसरतो. हाच परिणाम हवा असेल, तर निर्मात्याने अनुमती दिलेल्या मर्यादेत एक श्रेणी जाड तेल वापरणे हा स्वस्त व अंदाजात राहणारा मार्ग होय. घन चूर्णे गाळणीत अडकण्याची किंवा तळाशी बसण्याची शक्यता असते. डीझेल किंवा रॉकेल घालून एंजिन ‘धुण्याची’ गॅरेजांतील रीत तर अधिकच धोक्याची असते, कारण वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटून तेलपंपाच्या जाळीत अडकल्यास धारव्यांना तेलच मिळत नाही.

प्रत्यक्ष चाचणी : या विषयातील सर्वांत बोलकी चाचणीही टॅक्सींवरच झाली. अमेरिकेतील ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्‌स’ या ग्राहकांच्या मासिकाने न्यूयॉर्कमधील ७५ टॅक्सींत नव्याने बांधलेली एंजिने बसविली. प्रत्येक टॅक्सी सुमारे ९६,५०० किमी. (६०,००० मैल) धावल्यावर ती एंजिने उघडून धारवे, कॅम व झडपा यांची झीज मोजली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार निरनिराळ्या प्रमाणित तेलांमध्ये फरक आढळला नाही, आणि वरून घातलेल्या एस. टी. पी. व स्लिक ५० या द्रव्यांपासून काही लाभ झाल्याचेही दिसले नाही. या चाचणीच्या मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एंजिने नवी बांधलेली होती, झिजलेली नव्हती. आणि टॅक्सी सतत चालत असल्याने थंड एंजिन सुरू करण्याचे प्रसंग कमी होते. म्हणून अडकलेल्या कड्या किंवा कडक सील यांविषयी ही चाचणी काही सांगत नाही. परंतु बाटलीमुळे झीज थांबते, या सर्वसाधारण दाव्याला मात्र तिने आधार ठेवला नाही.

वसमत व मराठवाडा : महानगराबाहेर या प्रश्नाला वेगळे रूप येते. मराठवाड्यात संघटित मोटार वाहतूक निजामी राजवटीत सुरू झाली. हैदराबाद संस्थानाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी मार्ग परिवहन विभाग काढला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाल्यावर येथील एस. टी. त्यात सामील झाली. महामंडळाच्या कर्मशाळांमध्ये ठराविक अंतरानंतर तेल व गाळणी बदलणे व एंजिन उघडून त्याची पुनर्बांधणी करणे, ही कामे वेळापत्रकाने होतात. ज्याच्याजवळ अशी व्यवस्था नाही अशा एकट्या मालकाची अडचण निराळी असते.

वसमत हे पूर्वी परभणी व १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. हळदीची मोठी बाजारपेठ म्हणून ते प्रसिद्ध असून पूर्णा सहकारी साखर कारखानाही येथेच आहे. हळदीच्या हंगामात व गळिताच्या दिवसांत ट्रॅक्टर, टेम्पो व मालमोटारी यांची येथे सारखी ये-जा असते. या भागातील गावांना जोडणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्याही पुष्कळ वर्षे वापरलेल्या असतात. अशा गाड्यांच्या झिजेची कारणे तेलाच्या दर्जापेक्षा परिसरात अधिक आहेत. उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते. शेतरस्त्यांवरील धुळीत लोखंडाहून कठीण असे सिलिकेचे कण असतात. हवेची गाळणी सैल बसली असेल किंवा तेलाचे भांडे असलेल्या जुन्या प्रकारच्या गाळणीतील तेल वेळेवर बदलले नसेल, तर ही धूळ थेट सिलिंडरात जाते व कड्या झपाट्याने झिजतात. कोणतेही समावेशक या कणांना मऊ करू शकत नाही. पाच-दहा मिनिटांचे गाळणी साफ करण्याचे काम येथे कोणत्याही बाटलीपेक्षा अधिक मोलाचे ठरते. शेतावरील ट्रॅक्टरचे अंतर मोजून भागत नाही. तो एका जागी तासन्‌तास चालत असल्याने तेल बदलण्याची वेळ तासांवरून ठरवावी लागते. सामान्यतः ती सुमारे २५० तासांची असते. हंगामाच्या घाईत ही वेळ टळते आणि काजळीने दाट झालेल्या जुन्या तेलातच नव्या तेलाची किंवा एखाद्या द्रव्याची भर घातली जाते. तेलातील प्रक्षालके व प्रकीर्णके काम करता करता संपतात. त्यांची भरपाई तेल बदलूनच होते, भर घालून पुरती होत नाही.

जुन्या गाड्यांसाठीची तेले : २००० मध्ये अमेरिकेत व्हॅल्व्होलिन कंपनीने १ लाख २० हजार किमी. हून अधिक धावलेल्या मोटारींसाठी खास तेल काढले व पुढे इतरांनी त्याचे अनुकरण केले. अशा तेलांत सील मऊ राखणारी द्रव्ये, थोडी अधिक प्रक्षालके व श्रेणीच्या वरच्या मर्यादेजवळची श्यानता असते. बाटलीतील द्रव्याच्या दाव्यांपैकी जो भाग शास्त्राच्या कसोटीस उतरला, तो अशा रीतीने तेलातच आला व त्याचा तोल कारखान्यात तपासला गेला.

एका बाबतीत मात्र जुन्या गाड्यांच्या मालकांची शंका रास्त आहे. भारतात १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकी परिवर्तक सक्तीचे झाले. तेलातील फॉस्फरसामुळे हा परिवर्तक निकामी होत असल्याने आंतरराष्ट्रीय प्रमाणांत त्याची मर्यादा उतरत गेली व २००४ च्या प्रमाणात ती ०·०८ टक्के झाली. त्यामुळे झीजरोधक जस्त-फॉस्फरस संयुगही कमी झाले. पद्मिनीसारख्या जुन्या बांधणीच्या एंजिनांत कॅम हा सपाट तळाच्या ढकलदांड्यावर घासत फिरतो व तेथे या संयुगाची गरज अधिक असते. अशा गाडीसाठी हे संयुग अधिक असलेले, जुन्या एंजिनांना योग्य असे तेल निवडणे शहाणपणाचे होय. हौसेने जपलेल्या जुन्या गाडीत ते वेगळे घालण्याचेही समर्थन करता येते, परंतु परिवर्तक असलेल्या गाडीत तेच द्रव्य अपायकारक ठरते. एकाच बाटलीचा उपयोग प्रत्येक एंजिनाला सारखा नसतो, हे यावरून दिसून येते.

मूल्यमापन : समावेशकांनी एंजिनांचे आयुष्य वाढविले, यात शंका नाही. १९३० पूर्वीच्या तेलावर आजचे एंजिन चालविणे अशक्यच होईल. परंतु हा लाभ तेलाच्या डब्यातच मिळून जातो. वरून घातलेल्या द्रव्याने अडकलेल्या कड्या, कडक सील व थोडी गळती यांबाबत मर्यादित व तात्पुरता उपयोग होऊ शकतो. झिजलेला धातू त्याने परत येत नाही व धूर दडला तरी कारण कायम राहते. दुरुस्ती लांबणीवर टाकल्याचा खर्च पुढे भुजादंड व धारवे खराब होऊन वाढतो, हेही विसरून चालणार नाही. म्हणून दाब मोजून रोगाचे निदान करणे, निर्मात्याने सांगितलेल्या श्रेणीचे प्रमाणित तेल वापरणे, ते व दोन्ही गाळण्या वेळेवर बदलणे, आणि तेलाचा खप नोंदवून ठेवणे, हा क्रम सर्वांत विश्वसनीय ठरतो. अनेक निर्माते १,००० किमी. ला सुमारे १ लिटर ही खपाची वरची मर्यादा मानतात. खप त्यापुढे गेला की, बाटलीचा नव्हे तर कर्मशाळेचा मार्ग धरावा लागतो. जुन्या गाडीवर पोट असलेल्या माणसाने बाटलीवर होणारा खर्च बाजूला ठेवून कड्या व सील बदलण्यासाठी साठविला, तर त्याच्या एंजिनाला त्यापासून अधिक आयुष्य मिळते.